बहिःस्थचा अर्ज थोडा थांबवा

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. तुमची मुलगी पूर्ण अंध, बारावी कला शाखेत 78 टक्के, पुण्यात अर्थशास्त्र शिकायची इच्छा. कॉलेजच्या खिडकीवर 'आमच्याकडे तशी सोय नाही' असं ऐकून तुम्ही परत आलात आणि बहिःस्थ बी.ए.चा अर्ज घेतलात. 'घरबसल्या शिकेल, तिचा त्रास वाचेल,' असं तुम्ही लिहिता. मला काळजी वाटते ती याच वाक्याची. त्रास तिचा वाचणार आहे की तुमचा आणि कॉलेजचा? राग मानू नका, पण तिनं 'मला घरी राहायचंय' असं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाची धास्ती सोडा. जिना तिला अडवणार नाही. अडवतील त्या पांढऱ्या काठीच्या वाटेत आडव्या लावलेल्या मोटारसायकली आणि उघडी गटारं. मोटारसायकली हटवायला आणि गटारं झाकायला कॉलेजला फार खर्च येत नाही.

घरबसल्या म्हणजे सोपं, हा तर मोठाच गैरसमज. ती एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर वापरते, म्हणजे संगणक तिला मजकूर वाचून दाखवतो. पण पुस्तकाची पानं नुसती स्कॅन करून पीडीएफ केली असतील, तर संगणकाच्या लेखी तो फोटो. तो गप्प बसतो. युनिकोडऐवजी (म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच ओळखता येणाऱ्या अक्षरांऐवजी) जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी नोट्स उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड ऐकू येते. अशा नोट्स तिच्या हाती आल्या, तर घरी ती दाद मागणार कोणाकडे? कॉलेजात निदान समोर प्राध्यापक असतात, वाचून दाखवणारी मैत्रीण असते.

'सोय नाही' हे कॉलेजचं उत्तरच होऊ शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळही मिळतो. बँकेच्या परीक्षेचं विचारलंत, तर तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते. ते तीन वर्षांनी बघू.

आता तिला प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहू द्या: नोट्स युनिकोडमध्ये हव्यात, लेखनिकाची व्यवस्था हवी, कॉलेज सुरू होण्याआधी दोन दिवस आवारात फिरून वाटा ओळखून घ्यायच्या आहेत. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, पोच घ्या आणि उत्तर लेखीच मागा. तुम्ही बरोबर जरूर जा, पण केबिनमध्ये बोलू द्या तिला.