एक्स-रे साफ आहे, तरी सर्जन रात्रीच ऑपरेशन म्हणतात. आधी एमआरआय करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना मधुमेह आहे, पोटरी कालपासून सुजून लाल झालीये, एक्स-रेत काही निघालं नाही आणि तरी सर्जनना नेक्रोटायझिंग फॅसायटिसचा, म्हणजे स्नायूंवरचं आवरण झपाट्याने कुजवणाऱ्या संसर्गाचा, संशय आहे. संशय दाट असेल तर एमआरआयसाठी थांबू नका, असंच मी सांगेन.

एक्स-रेत शोधतात तो ऊतींमधला वायू. तो ठरावीक जंतूच तयार करतात. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गात बहुतेकदा वायू नसतोच. त्यामुळे जवळपास निम्म्या रुग्णांचा एक्स-रे साफ येतो. उघडी जखम नसताना वायू दिसला, तर मात्र वाद संपला.

सोनोग्राफी खाटेपाशीच होते. खोल फेशियाला, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणाला, लागून ४ मिमीपेक्षा जाड पाण्याचा थर दिसला तर संशय बळावतो. दुसरा पायही बघायला सांगा. हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासाची सूज दोन्हीकडे असते.

रुग्ण स्थिर असेल आणि निदान अडलं असेल, तर खरी उपयोगी तपासणी सीटी. ती काही मिनिटांत उरकते. तिच्यात दिसतं ते असं: जाड झालेला फेशिया, स्नायूंच्या मधे साठलेलं पाणी, वायूचे बुडबुडे, आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनवर उजळणारं औषध) देऊनही न उजळणारा फेशिया, म्हणजे तिथला रक्तपुरवठा तुटलेला. बारीक बुडबुडे नेहमीच्या विंडोत (चित्राच्या उजेड-अंधाराच्या सेटिंगमध्ये) काळ्या चरबीत हरवतात, फुफ्फुसांसाठीची लंग विंडो लावली की उठून दिसतात; घाईच्या रिपोर्टमध्ये हेच निसटतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टवरून घोळ घालत बसू नये, साध्या सीटीतही वायू आणि पाणी दिसतं.

एमआरआय सर्वांत बारीक दाखवतो, आणि अडचणही तीच. साध्या सेल्युलायटिसमध्येही, म्हणजे त्वचेच्या वरवरच्या संसर्गातही, फेशियाभोवती पाणी चमकतं, म्हणून नसलेला आजार असल्यासारखा वाटतो. शिवाय बीपी घसरत असलेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास मशीनमध्ये ठेवणं धोक्याचं.

शेवटचा शब्द सर्जनच्या बोटाचा. जागा बधिर करून फेशियापर्यंत साधारण २ सेंमीची चीर देतात. बोट अडथळ्याविना आत सरकलं, करडं पाणचट द्रव आलं आणि रक्त फारसं आलं नाही, तर निदान झालं. मग स्कॅन काहीही म्हणो.

तोवर लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहा. तासाभरात लाली रेघेबाहेर गेली, जांभळे-काळे फोड आले, किंवा वडील असंबद्ध बोलायला लागले, तर लगेच नर्सला सांगा. मधुमेहात पाय बधिर असू शकतो, तेव्हा 'फार दुखत नाही' यावर विसंबू नका.

ऑपरेशन झालं तर साधारण २४ तासांत पुन्हा थिएटरमध्ये नेऊन उरलेला मेलेला भाग काढतात. ते ठरलेलंच असतं, पहिलं ऑपरेशन फसलं म्हणून नव्हे. रक्त आणि आयसीयूची खाट यांची चौकशी आत्ताच करून ठेवा.