कोरे कीकॅप आणि चुकलेल्या रांगा

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि अनेक वर्षे इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीने, कळांकडे न पाहता टंकन करते. इंग्रजी अक्षरांची गरज नसल्याने मी माझ्या मेकॅनिकल कीबोर्डसाठी ‘चेरी प्रोफाइल’च्या कीकॅपचा, म्हणजे कळांवरच्या टोप्यांचा, अक्षरे न छापलेला कोरा संच घेतला आणि जुने कीकॅप काढून नवे हाताला येतील तसे बसवले. तेव्हापासून बोटे अडखळतात. संच सदोष आहे, की प्रोफाइलची निवड चुकली?

उत्तर : दोन्ही नसावे, घोटाळा ‘हाताला येतील तसे’ या शब्दांत आहे. कीबोर्ड डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहा. प्रोफाइल म्हणजे कीकॅपची उंची, माथ्याचा उतार आणि खोलगटपणा यांचा ठरलेला मेळ. चेरीमध्ये हा मेळ रांगेगणिक बदलतो : आकड्यांची रांग सर्वांत उंच आणि आपल्याकडे झुकलेली, बोटे विसावतात ती रांग सखल, तर तिच्याखालची रांग उलट्या दिशेला कललेली असते. वरून मात्र हे चौकोन सारखेच दिसतात आणि एरवी छापलेले अक्षरच त्यांची रांग सांगते. आपण ती खूणच काढून टाकलीत.

सर्व कीकॅप उतरवून टेबलावर आडवे मांडावेत आणि उतार जुळणारे एकत्र करावेत. काही संचांत आतल्या बाजूला रांगेचा क्रमांकही कोरलेला असतो. उंचवट्याची बारीक रेघ असलेले दोन कीकॅप ‘ि’ आणि ‘र’ यांच्या कळांवर, म्हणजे इंग्रजी एफ आणि जे यांच्या जागी, बसवावेत. एवढे करूनही मधल्या रांगेतील कीकॅप कळ पूर्ण दाबल्यावर खटकत असतील, तर आपल्या स्विचची, म्हणजे कीकॅपखालच्या बटणाची, दिव्याची खाच वरच्या बाजूला आहे का ते पाहावे; अशा मांडणीत चेरीचे बुटके कीकॅप काही स्विचच्या कवचावर आपटतात. ओईएम हे दुसरे प्रोफाइल थोडे उंच असल्याने त्यात ही अडचण सहसा येत नाही.

रांगांचा हिशेब नकोच असेल, तर एक्सडीए किंवा डीएसए प्रोफाइल घ्यावे. त्यांत सर्व रांगा एकाच उंचीच्या असतात, त्यामुळे कोरा कीकॅप कुठेही चालतो. डीएसएची उंची सुमारे ७.५ मिलिमीटर असते आणि एक्सडीएचा माथा त्याहून रुंद असतो. पण वरच्या रांगेकडे जाताना उताराचा जो इशारा बोटांना मिळतो, तो या दोहोंत मिळत नाही, आणि न पाहता टंकन करणाऱ्याला तो इशारा मोलाचा असतो. एसए हे उंच आणि वाटीसारख्या माथ्याचे प्रोफाइल दिसते देखणे, परंतु मनगटाखाली घडी घातलेला पंचा तरी ठेवावा लागतो. दिवसभर मुद्रिते तपासणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. आपला चेरीचा संचच नीट लावून आठवडाभर वापरून पाहावा.