एन = ३, एल = ३, एम = −२, स्पिन = +१/२ हा क्वांटम क्रमांकांचा (अणूतल्या इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणाऱ्या चार आकड्यांचा) संच चालेल का?

नाही, चालणार नाही. घोळ एलमध्ये आहे. एल शून्यापासून एन − १ पर्यंतच जातो, म्हणजे एन ३ असताना फक्त ०, १, २. म्हणून ३एफ (एन = ३, एल = ३) ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याचा तसा भाग, नसतं. कारण इलेक्ट्रॉनच्या तरंगाचं वर्णन करणाऱ्या श्रोडिंगर समीकरणातून त्रिज्येच्या दिशेचे नोड (जिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते) एन − एल − १ इतके येतात. इथे उत्तर −१, आणि नोड ऋण कसे असणार? बाकी दोन आकडे ठीक आहेत. एल = २ केलात, की एम −२ ते +२ (शून्य धरून पाच; मोजताना शून्यच सुटतं), आणि संच ३डी (एन = ३, एल = २) ऑर्बिटलचा वैध होतो. मात्र ही तपासणी एकेका इलेक्ट्रॉनची. एकाच अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे चारही क्रमांक सारखे नकोत, हा पाउलीचा १९२५चा नियम वेगळा लावायचा.