थांबणारे पदार्थ : नाताळच्या जेवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २५ डिसेंबरला दुपारी आमच्याकडे १८ माणसं जेवायला असतात. घरचे, नवऱ्याचे मित्र आणि शेजारची दोन कुटुंबं. दरवर्षी मी शेवटचे बांगडे तव्यावर परतत असते, तेव्हा अर्धी मंडळी हात धुऊन मोकळी झालेली असतात. यंदा मला सगळ्यांबरोबर बसायचं आहे. काय बदलू? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी बांगडा काढा. घरच्या तव्यावर एका वेळी चार रेशाद (लाल मिरचीचा आंबट-तिखट मसाला भरलेले) बांगडे मावतात आणि दोन्ही बाजू भाजायला ८-९ मिनिटं लागतात. १८ बांगड्यांचे पाच घाणे होतात, म्हणजे पाऊण तास गेला. त्यात रेशाद मसाल्यात साखर असते. दुसऱ्या घाण्यानंतर तव्याला चिकटलेला मसाला करपायला लागतो, मग तवा पुसत बसावं लागतं. तळलेला मासा थांबत नाही, तो करणाऱ्याला थांबवून ठेवतो. अशा दिवशी थांबणारे पदार्थच निवडावेत.

माशाची हौस सुंगटांच्या (कोळंबीच्या) बाल्चांवावर, म्हणजे विनेगरमधल्या लोणच्यासारख्या पदार्थावर भागवा. १८ जणांना तोंडी लावायला सोललेली ६०० ग्रॅम सुंगटं पुरतात. २१ तारखेला करून ठेवा. सुंगटांना मीठ लावून पाणी सुटू द्या, ते निथळून टाका आणि सुंगटं तेलात कोरडी होईपर्यंत परता. मसाला विनेगरमध्येच वाटायचा. पाण्याचा एक चमचाही नको, कारण बाल्चांव टिकतं ते विनेगर, मीठ आणि वर तरंगणाऱ्या तेलावर. काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, की चार दिवसांत मुरतं.

मुख्य पदार्थ चिकन शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा. हाडांसकट ४ किलो चिकन आणि दोन मोठे नारळ घ्या. मसाला २३ला भाजून-वाटून ठेवा आणि शाकुती २४ला दुपारी शिजवा. इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक रश्श्याच्या दाटपणाची. भाजलेलं खोबरं रात्रभरात पाणी पिऊन घेतं, म्हणून २४ला बरोबर वाटणारा रस्सा २५ला घट्ट गोळा होतो. तो थोडा पातळच ठेवा आणि गरम करताना दोन वाट्या कडकडीत पाणी हाताशी असू द्या.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ४ किलो शाकुतीचं टोप तसंच झाकून ओट्यावर राहतं. वरून ते गार लागतं, पण पोटात कितीतरी तास कोमट असतं आणि त्या कोमटपणात खोबरं आंबतं. शिजल्याबरोबर शाकुती तीन पसरट भांड्यांत काढा. भांडी पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन टोपांत वाटून मंद आचेवर गरम करा, म्हणजे बुडाला लागणार नाही. मधोमध खदखदून उकळी आलीच पाहिजे. जायफळ मात्र तेव्हाच किसून घाला, आदल्या दिवशी घातलेल्याचा वास उरत नाही.

सोबत ८०० ग्रॅम अळसांद्यांचं, म्हणजे गोव्यातल्या चवळीचं, तोणाक (नारळाच्या वाटणाची उसळ; भिजवायला ७-८ तास), सव्वा किलो तांदळाचा पुलाव आणि माणशी तीन पाव. पावाचं पोदेराला (पाववाल्याला) दोन दिवस आधीच सांगून ठेवा. नाताळच्या सकाळी सायकलीचा पोंपों ऐकून बाहेर धावलात, तर ५० पाव मिळायचे नाहीत. त्या दिवशी जेवणाआधी करायचं काम एवढंच उरतं : पुलाव, कांद्याची कोशिंबीर आणि दोन टोपं गरम करणं. टोपं, ताटं आणि डाव एका बाजूच्या मेजावर मांडा. ज्याचं त्यानं वाढून घ्यावं, तुम्हीही घ्यावं.

प्रश्न : सूर (माडाची ताडी) मिळत नाही म्हणून यीस्ट घालून सान्नं (तांदूळ-नारळाच्या इडलीसारख्या) केली. पीठ रात्रभर ठेवलं, सकाळी फुगलेलंही दिसलं, पण वाफवल्यावर सान्नं खाली बसली आणि मधे चिकट राहिली. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : चूक “रात्रभर” या शब्दात आहे. यीस्टचं पीठ इडलीच्या पिठासारखं ठेवायचं नसतं. ते दीड तासात, डिसेंबरच्या गारव्यात फार तर दोन तासांत दुप्पट होतं. त्यापुढे ठेवलं की आतली हवा निसटते, आंबट वास येतो आणि वाफ लागताच सान्नं खाली बसतात.

अंदाजे २५ सान्नांना ५०० ग्रॅम तांदूळ ५-६ तास भिजवा. एक नारळ खवून घ्या, नारळाचं पाणी टाकू नका, त्यातच वाटा. वाटण गुळगुळीत आणि दाट हवं, डावातून जाड धारेनं पडणारं. चिकटपणाचं दुसरं कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणी असतं. वाटताना मिक्सरचं भांडं तापलं तर मधे थांबा, कारण गरम पिठात यीस्ट मरतं. अर्ध्या वाटीहून कमी कोमट पाण्यात एक मोठा चमचा साखर आणि एक छोटा चमचा कोरडं यीस्ट घाला. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते यीस्ट जुनं आहे, पुढे जाऊच नका. फेस आला की ते आणि मीठ पिठात मिसळा.

पीठ वर आल्यावर ढवळायचं नाही. डाव कडेनं अलगद घालून पीठ उचला, वाट्या अर्ध्याच भरा, दहा मिनिटं तशाच ठेवा आणि मग उकळत्या पाण्यावर १५ मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरचा भाग ओला राहतो.

कधी सूर मिळालीच तर सकाळी उतरवलेली ताजी घ्या, ३०० ते ३५० मिलीलिटर पुरे, आणि त्याच दिवशी वापरा. संध्याकाळपर्यंत ती चढते आणि मग विनेगरच्या वाटेला लागते. सान्नंही थांबणारी आहेत. सकाळी करून ओल्या फडक्यात झाकून ठेवा आणि जेवायच्या वेळी ४-५ मिनिटं पुन्हा वाफ द्या.

प्रश्न : २०२५चा नाताळ गुरुवारी आला होता. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा शिवराक (शाकाहारी) दिवस. शेजाऱ्यांनी प्रेमानं कुसवाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट पाठवलं, पण त्यातलं काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. — एक वाचक, मडगाव

उत्तर : बेबिंका, बातिका आणि बोलिन्यांत अंडं असतं. बेबिंका तर अंड्यांच्या बलकांवरच उभी असते. दोदोलात तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ असतो. दोसात चण्याची डाळ, खोबरं, साखर आणि तूप. पेरादीत पेरू आणि साखर. हे तिन्ही निर्धास्त चालतात. नेवऱ्या नि कुलकुलं सहसा बिनअंड्याची असतात, पण पिठात अंडं घालणारी घरंही आहेत, तेव्हा विचारावं. देणाऱ्याला त्याचा राग येत नाही, आपण जपून खातो आहोत हे पाहून बरंच वाटतं. ताट तुम्हीच पाठवणार असाल तर बिनअंड्याचे पदार्थ वेगळ्या डब्यात भरा. एकाच ताटात बोलिन्याचा चुरा दोदोलाला चिकटतो.

जेवणात शिवराक माणसांसाठी कोपऱ्यात एक भाजी ठेवणं आम्हाला रुचत नाही. सगळ्यांसाठी मोठं खतखतं (बऱ्याच भाज्यांची नारळातली मिसळ भाजी) करा, त्यात कांदा-लसूणही नसतो. तोणाकात कांदा येतो, हे लक्षात ठेवा. सुरण घालणार असाल तर तो आधी सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्यात उकळून घ्या, म्हणजे घसा खवखवणार नाही. तेफळं (तिरफळं) ठेचून शेवटी घाला. ओट्यावर शिवराक स्वयंपाक आधी उरकावा आणि त्याचे डाव वेगळ्या रंगाच्या मुठीचे ठेवावेत.

प्रश्न : सोलकढी सकाळीच केली तर दुपारी फाटते. — एक वाचक, डिचोली

उत्तर : सोलांच्या आंबटपणानं नारळाचा रस साकळतो, आणि सोलांचं पाणी गरम असेल तर लगेच. १८ जणांना तीन नारळांचा रस आणि ४० सोलांचं पाणी वेगवेगळं ठेवा. दोन्ही गार असताना, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास एकत्र करा.

प्रश्न : २४च्या मध्यरात्री मिसाहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) परतताना मित्र आमच्याकडे येतात. पहाटेचा एक वाजलेला असतो. जड जेवण नको आणि नुसता केकही पुरत नाही. — एक वाचक, पणजी

उत्तर : काल्द व्हेर्द, म्हणजे बटाट्याचं हिरवं पोर्तुगीज सूप करा. दहा जणांना सात-आठ मध्यम बटाटे, दोन कांदे आणि दोन लसूणपाकळ्या दोन लिटर पाण्यात शिजवून घोटून ठेवा. हे संध्याकाळीच होतं. मंडळी चपला काढत असताना सूप उकळत ठेवा. केसासारखी बारीक चिरलेली पालकाची जुडी त्यात घाला आणि तीन मिनिटांत उतरवा. पालक आधी घातलात तर रंग शेवाळ्यासारखा होतो.

बरोबर चोरीस-पाव (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज). २५० ग्रॅम चोरिसाचा दोरा आणि वरची कातडी काढा. आतले तुकडे अर्धी वाटी पाण्यात झाकून २० मिनिटं मंद शिजवा, पाणी आटलं की त्याच्याच सुटलेल्या चरबीत तीन कांदे उभे चिरून परता. तेल नको, आणि चव घेतल्याशिवाय मीठही नको. चोरीस न खाणाऱ्यांसाठी संध्याकाळचं तोणाक कोमट करा. संध्याकाळचे पाव तोवर चिवट झालेले असतात. त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवून झाकलेल्या तापल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं ठेवा, वरचा पापुद्रा परत कुरकुरीत होतो.