औषधाचे ‘पचन’ की ‘चयापचय’?

प्रश्न असा आहे: ‘अँटिव्हायरल गोळीचे यकृतात पचन होते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘चयापचय’मधला ‘पचय’ म्हणजे पचनच ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गफलत तिथेच आहे. ‘पचय’ असा शब्दच या जोडशब्दात नाही. फोड चय + अपचय अशी आहे: चय म्हणजे जोडत जाणे, अपचय म्हणजे त्याउलट तोडत जाणे. दोन्हींचा धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय, उपचय त्याच घरातले. ‘पचन’ मात्र ‘पच्’चे, म्हणजे शिजणे, पिकणे. मधली अक्षरे जुळली म्हणून नाते जुळत नाही. ‘चयपचय’ असे लिहिलेले सर्रास दिसते, तेही यामुळेच.

पचन हे जठर-आतड्यांतले काम. गोळी विरघळून आतड्यातून रक्तात जाते, ते शोषण. पुढे पेशींत औषधाच्या रेणूत जो बदल होतो, तो चयापचय. अँटिव्हायरल औषधांना हा शब्द किती चपखल बसतो पाहा. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर घेतले की यकृतातले एन्झाइम त्याचा एक तुकडा छाटते आणि त्यानंतरच ते विषाणूला अडवू शकते. हा अपचय. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरचे उलट: बाधित पेशीत त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट जोडले जातात, आणि त्यातला पहिला जोडतो तो विषाणूचाच एन्झाइम! हा चय. निरोगी पेशीत ही पहिली जोडणी जवळपास होतच नाही, म्हणून तिला फारशी इजा नाही. मला तर या उदाहरणाने शब्दाची दोन्ही अंगे पहिल्यांदा नीट कळली.

म्हणूनच ‘चयापचय’च्या जागी ‘औषध नष्ट होते’ लिहिणेही मला पटत नाही. नष्ट होणे हा त्यातला एक प्रकार झाला. कोविडवरच्या निर्माट्रेल्विरचे यकृतात लवकर विघटन होते. ते लांबावे म्हणून सोबत रिटोनाव्हिर हे दुसरे औषध देतात, इथे ‘विघटन’ योग्य. असायक्लोव्हिरचा शोषला गेलेला बराचसा भाग तर न बदलता लघवीवाटे जातो. त्याला ‘उत्सर्जन’ म्हणावे, किंवा साधा, छान ‘निचरा’.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘या औषधाचा चयापचय यकृतात होतो.’ शब्द पुल्लिंगी आहे, तेव्हा ‘होते’ नको. सामान्य वाचकासाठी ‘यकृतात औषधाचे रूपांतर होते’ हेही पुरेसे नेमके आहे.