'ड्राय' वाइन कोरडी का?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या हॉटेलाच्या मराठी मेनूसाठी 'ओक-एज्ड ड्राय व्हाइट वाइन'चं भाषांतर कुणीतरी 'ओकमध्ये ठेवलेली कोरडी पांढरी वाइन' असं करून दिलंय. चालेल का?

माझ्या मते नाही. आधी 'कोरडी'. मराठीत कोरडं हे ओल्याच्या उलट असतं, गोडाच्या नव्हे. कोरडी भाकरी, कोरडा खोकला, कोरडी सहानुभूती. यात साखरेचा संबंध कुठेच नाही. घसा कोरडा पाडणारी असं म्हणायचं असेल, तर त्याला आपला 'तुरट' आहे, आणि तो टॅनिन या द्राक्षाच्या सालीबियांतल्या द्रव्याचा गुण. ड्रायचा अर्थ एवढाच, की वाइनीत साखर जवळजवळ उरलेली नाही. माडाची पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, उन्हं चढली की फसफसते आणि संध्याकाळपर्यंत कडक माडी होते. साखर यीस्टने खाल्लेली असते. द्राक्षरसाचं तेच. युरोपीय नियमांत लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर वाइन ड्राय. आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंतही चालतं. गंमत म्हणजे नीरा आणि माडी असे दोन टप्प्यांचे दोन शब्द आपल्याकडे आहेत, पण 'साखर संपलेली' याला विशेषण नाही. 'अगोड' सुचवणारे भेटतात. पण तापात जेवण अगोड लागतं! मेनूवर तो शब्द कोण छापेल?

'ओकमध्ये' तर नकोच. इंग्रजीत ओक हे झाड, पण आपल्याकडे ओक हे रत्नागिरीकडचं आडनाव, आणि ओकणे म्हणजे काय ते जेवायला बसलेल्यांना सांगायला नको. या झाडाला फारसीच्या वाटेने आलेला 'बलूत' हा शब्द आहे, पण तो वाचून लोकांना गावगाड्याचं बलुतं आठवेल. 'ओकच्या लाकडाचं पिंप' असं पुरतं लिहा. पिंप हा पोर्तुगीज 'पिपा'चा वंशज, आणि पिपा म्हणजे मुळात वाइनचंच लाकडी पिंप. आपण त्यात रॉकेल भरलं, ते सोडा.

राहिलं 'ठेवलेली'. इथे मराठीचा हुकमी शब्द हाताशी असताना तो का सोडायचा? मुरलेली! ठेवलेली वस्तू नुसती जुनी होते, मुरलेलीत काहीतरी उतरतं. फ्रान्समधल्या बोर्दोकडची पिंपं 225 लिटरची असतात, आतून विस्तवावर भाजलेली. शार्दोनेसारख्या द्राक्षाचा रस त्यातच आंबवतात, तळाशी बसलेला यीस्टचा गाळ अधूनमधून काठीने ढवळतात. बऱ्याचदा जिवाणू आतलं मॅलिक आम्ल लॅक्टिक आम्लात बदलतात. दात आंबवणारा आंबटपणा जातो आणि लोण्याचा वास येतो. लाकडातून व्हॅनिलाचा गंध, लवंगेची छटा आणि लॅक्टोन नावाच्या संयुगामुळे चक्क खोबऱ्याचा वास उतरतो. अमेरिकन ओकमध्ये तो जास्त. रंगही सोनेरीकडे झुकतो, त्यामुळे 'पांढरी'पेक्षा 'व्हाइट'च बरं.

या वासांमुळेच अडचण होते. नाकाला गोड वाटतं, जिभेवर गोडी नसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ही कसली ड्राय?" म्हणून 'ड्राय' तसंच ठेवा आणि खाली बारीक टाइपात फोड करा. मी असं लिहीन: 'ड्राय व्हाइट वाइन, ओकच्या पिंपात मुरलेली. साखर नाममात्र, वास व्हॅनिला-खोबऱ्याचा.'