लिव्हर शंट निघालाय कुत्र्याच्या पिल्लाला? आधी पाणी पी जरा

अगं, रिपोर्ट वाचून रात्रभर रडलीस ना, मी पण रडले होते, आमचं यॉर्की (छोट्या जातीचं कुत्रं) तेव्हा 5 महिन्यांचं होतं. शंट म्हणजे काय तर आतड्यातून येणारं रक्त लिव्हरला बगल देऊन सरळ पुढे जातं, म्हणून अमोनिया साफ होत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोचतो. जेवल्यावर पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, लाळ गाळतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं ते यामुळेच, त्याचे व्हिडिओ काढून ठेव, डॉक्टरांना लई उपयोग होतो. बाइल ॲसिड टेस्ट (लिव्हर नीट काम करतंय का ते बघणारी रक्ततपासणी) उपाशीपोटी आणि जेवणानंतर 2 तासांनी अशी दोन्ही वेळा झालीये का बघ, मग सीटी स्कॅनचं विचार. लहान जातीत शंट बहुतेक लिव्हरच्या बाहेर असतो, त्याचं ऑपरेशन त्यामानाने सोपं.

तोवर लॅक्टुलोज (अमोनिया कमी करणारं औषध) चुकवू नकोस, शी पातळ झाली तर डोस डॉक्टरांना विचारून कमी कर, आपल्या मनाने बंद नाही करायचं. थोडं थोडं चार वेळा खायला दे. चिकन-मटण बंद, पण प्रोटीन पूर्ण तोडू नको, वाढतं पिल्लू आहे, आणि सासूबाईंना लिव्हरचे तुकडे भरवू देऊ नकोस (आमच्याकडे "लिव्हरला लिव्हर चांगलं" म्हणून चालू होतं!). फिट आली तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना.